एका नावाचा उतारा

कोर्टाच्या पिंजऱ्यात मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो, आणि तेही आपल्या पायांनी चालत जाऊन. मला कोणी पकडलेलं नव्हतं. मी गेलो होतो दुसऱ्याला जामीन राहायला, म्हणजे चांगला तालेवार माणूस म्हणून. अंगात इस्त्रीचा शर्ट, नवी टेरिकॉटची पँट, हातात रेक्झिनची पिशवी आणि पिशवीत माझ्या जमिनीचा सातबाऱ्याचा उतारा. वकिलांनी मान हलवून ‘पुढे जा’ म्हणून खुणावलं. पुढे म्हणजे नेमकं कुठे, ते विचारायची मला लाज वाटली. साहेबांच्या समोर लाकडी कठडा असलेल्या दोन जागा होत्या. एकीचा कठडा हलत होता. दुसरीचा भक्कम होता आणि ती नुकतीच रिकामी झाली होती. मी भक्कम कठड्यात जाऊन, दोन्ही हात त्यावर टेकून, फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखा उभा राहिलो. न्यायाधीश साहेबांनी तोवर पुढच्या खटल्याचे कागद उघडले होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?” मी म्हटलं, “नाही साहेब, चांगले आहेत. बसायला खुर्ची दिली, चहा दिला. बिस्किटपण होतं.”

टायपिंग करणाऱ्या बाईंचा हात थांबला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वकील लोक हसायला लागले. तेवढ्यात मागून कोणीतरी माझी बाही ओढली आणि मला हळूच खाली उतरवलं.

ही गोष्ट मी आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली आहे की माझी मुलगी बिस्किट येण्याच्या आधीच हसायला लागते. चतुर्थीला पाहुणे जमले, बारशाला मंडळी बसली, कोणाची गाडी उशिरा यायची असली की फर्माईश होते, “बाबा, पिंजरा सांगा.” मी सांगतो आणि बिस्किटाशी थांबतो. माणसं पोट धरून हसत असताना पुढे सांगायला जागाही नसते. आता लिहायलाच बसलो आहे, समोर कोणी हसणारं नाही, तर पुढचंही लिहून टाकतो.

त्याआधी मी तालेवार कसा झालो ते सांगायला हवं. आमचं घर खाडीच्या वरच्या अंगाला, आरोंद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाबांची भात सडायची गिरण होती. डिझेलच्या इंजिनाचा धूर सोडणारा पाइप पत्र्यातून वर काढलेला, आणि त्याच्या तोंडावर बाबांनी एक पत्र्याचं भोकाचं डबडं बसवलेलं. इंजिन सुरू झालं की ते डबडं पुक्-पुक्, पुक्-पुक् करायचं आणि तो आवाज खाडीपलीकडे जायचा. तो ऐकून पलीकडच्या बायका डोक्यावर भाताचे हारे घेऊन होडीत बसायच्या. आमच्या घरात सगळ्या गोष्टींवर कोंड्याची बारीक पूड असायची. देवाच्या फोटोवर, रेडिओवर, बाबांच्या भुवयांवर. बाबा तिशीतच म्हातारे दिसायचे आणि रविवारी आंघोळ केली की पुन्हा तरुण व्हायचे. इंजिन चालू असताना घरात सगळे ओरडून बोलायचे आणि ते बंद झाल्यावरही सवयीने ओरडतच राहायचे. लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोला पहिला महिनाभर वाटत होतं की या घरात रोज भांडणं होतात. ती दोडामार्गाकडची. तिच्या माहेरी केळीची बाग, तिथे पान हललं तरी ऐकू येतं.

दुपारी बरोबर बारा वाजता बाबा इंजिन बंद करत आणि आम्ही पेज जेवायला बसत असू. उकड्या तांदळाची गरम पेज, वर खोबरेल तेलाचा थेंब, बाजूला चुलीत भाजलेला खारा बांगडा नाहीतर कुळथाची पिठी. एप्रिलात ओल्या काजूगरांची उसळ. आई ती इतकी जपून वाढायची की कोणाच्या पानात किती गर पडले ते आम्ही भावंडं बोटांनी मोजत असू. इंजिन थांबल्यानंतरचा तो शांतपणा आणि पेजेचा फुर्र असा आवाज, एवढंच मला आजही कधीकधी भर दुपारी ऐकू येतं. आता घरात मिक्सर आहे, टीव्ही आहे आणि सगळेजण हळू बोलतात. मला काही ते जमलेलं नाही.

गिरण बांधायची ठरली तेव्हा प्रश्न आला जमिनीचा. आमच्याकडे जमीन नव्हती असं नाही. पण आमच्या भागात जमीन कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. आमच्या सातबाऱ्यावर सदतीस नावं होती. त्यातले चौदा मयत, नऊ मुंबईला, एक काका जहाजावर गेलेले ते परत न आलेले, आणि दोन बायका अशा की त्या नेमक्या कोणाच्या मुली, यावर प्रत्येक शिमग्याला वाद व्हायचा. या सदतीस जणांच्या जमिनीवर भिंत घालायची तर मेलेल्यांच्याही सह्या आणायला हव्या. म्हणून बाबांनी रस्त्याकडेची बारा गुंठे जागा मुंबईला निघालेल्या एका माणसाकडून विकत घेतली. ती स्वतःच्या नावावर घेतली तर चुलते म्हणणार, ही एकत्र कुटुंबातलीच. आईच्या नावावर घेतली तर मामा नाक खुपसणार. म्हणून बाबांनी ती, मी लहान असतानाच, माझ्या नावावर केली. कोर्टाचं हे घडलं तेव्हा मी दोनदा बी. कॉम.ला बसून दोनदा उठलेला, एकवीस-बावीस वर्षांचा होतो. सबंध वाडीत ज्याच्या उताऱ्यावर एकच नाव आहे असा मी एकटाच. दुसरीकडे कुठे मी पहिला आलेलो नव्हतो, त्यामुळे त्या उताऱ्याची एक प्रत मी पाकिटात घडी घालून बाळगायचो.

आमचे माड पाडायला गोपाळ यायचा. माडावर चढून नारळ काढणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. गोपाळ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, काटकुळा, छातीला माडाच्या खोडाने घासून घासून घट्टे पडलेले. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी आणि आकडीत कोयता. मजुरी माडामागे एक नारळ, आणि वर आईच्या हातची पेज. चढण्यापूर्वी तो कोयत्याच्या मुठीने खोडावर तीन टोले द्यायचा आणि खालच्यांना हाळी घालायचा, “बाजूक रवा!” खाली कोणी नसलं तरी. मी एकदा विचारलं होतं की कुत्रंदेखील नाही, तर ओरडतोस कोणासाठी? तो म्हणाला, माडाक सांगतंय. वर पोचला की तिथूनच सगळ्या वाडीच्या बातम्या द्यायचा. कोणाच्या अंगणात पाहुणे आलेत, कोणाच्या चुलीचा धूर अजून निघालेला नाही, खाडीत कोणाची होडी येते आहे. आई खालून ओरडून आणखी चौकशा करायची. आमच्या घरी वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी यायचं, गोपाळ तीन महिन्यांनी यायचा, पण त्याच्या बातम्या ताज्या असायच्या.

त्या वर्षी सरकारी बागेत माडावर चढणाऱ्याची एक जागा निघाली होती. कायम नोकरी, खाकी कपडे, म्हातारपणी पेन्शन. गोपाळचा अर्ज मीच लिहिला होता, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला दुसरं काम नव्हतं. मुलाखतीऐवजी चढून दाखवायचं होतं. गोपाळला त्याची धास्ती नव्हती. त्याची बायको माझ्या आईजवळ म्हणाली होती की ह्यांचे गुडघे अजून दहा वर्षं टिकतील, पुढे काय ते मला कळत नाही, ही जागा मिळाली तर देवाला नारळ देईन. आई म्हणाली, नारळ आमच्याकडून ने.

आणि मग ते जीपचं झालं. गावाबाहेर काजूची फॅक्टरी होती. तिच्या मालकांना सगळे शेठ म्हणायचे. त्यांचा पुतण्या उदय माझ्याच वयाचा, मुंबईहून आलेला, जीपमध्ये टेप मोठ्याने लावून फिरणारा. त्याने जीप लावली ती गोपाळ ज्या माडावर होता त्याच्याच बुंध्याशी. गोपाळने चढताना टोले दिले होते, जीप आल्यावर वरून पुन्हा हाळीही घातली होती, पण टेपच्या आवाजात त्याला ऐकू कुठून येणार? नारळ बॉनेटवर पडला. गोपाळ घाईने खाली उतरला तो माफी मागायला. उदयने जॅकचा दांडा काढून त्याच्या हातावर घातला. गोपाळने दुसऱ्या हाताने त्याला ढकललं, तो तोंडावर आपटला आणि त्याचा पुढचा एक दात पडला. एवढंच. तिथे हजर असलेल्या चार बायकांनी हे पाहिलं होतं. पण दोघांनी दोन तक्रारी दिल्या आणि गोपाळच्या कमरेला कोयता होता. आकडीतून तो बाहेर निघालाच नव्हता, तरी कागदावर तो हत्यार म्हणून आला, जसा जॅकचा दांडा आला. दोघांवर सारखीच कलमं लागली आणि दोघेही एकाच रात्री आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः गिरणीत आले. पांढरे कपडे, कोंड्यातून चालत आले. बाबा भात आणायला पलीकडे गेले होते. शेठ मला म्हणाले, “मोहनराव, जरा काम होतं.” तोवर मला मोहनराव असं कोणी म्हटलेलं नव्हतं. बाबा मोहन म्हणायचे, आई मोहना, आणि कॉलेजचे मास्तर काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही. शेठ म्हणाले की पोरगं पोर आहे, कोर्टात जामीन लागेल, माझ्या जमिनी सगळ्या कंपनीच्या नाहीतर बँकेकडे गुंतलेल्या, त्यांचे कागद काढण्यात दोन दिवस जातील. तुमचा एका नावाचा उतारा आहे असं तलाठी सांगत होता. वाडीत तुमच्याएवढं खणखणीत कोण आहे? मी पाकिटातून उतारा काढून दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. तेवढ्यावर मी विरघळलो. गोपाळचं काय, हे मला सुचलंच नाही असं नाही. सुचलं. पण मी म्हटलं, भांडण दोघांचं, गुन्हा दोघांचा, तर सुटायचे तेही दोघे बरोबरच सुटतील. माझ्या डोक्यात खटला म्हणजे एसटीसारखा होता, एकदा दार उघडलं की सगळे उतरणार.

जीपमधून गेलो. तीच जीप, बॉनेटला पोचा आलेला. आधी पोलीस ठाण्यात, तिथे खुर्ची, चहा आणि ते बिस्किट. तहसीलमधला ऐपतीचा दाखला शेठच्या माणसाने तासाभरात आणला. मला नुसती सही करायची होती. मग हॉटेलात सुरमईचं जेवण, सोलकढी दोनदा. मग कोर्ट.

उदयचा पुकारा पहिला झाला. शेठचे वकील बोलले, साहेबांनी जामीन मंजूर केला, लायक जामीनदार द्यावा असा हुकूम सांगितला आणि उदय पिंजऱ्यातून उतरून वकिलाशेजारच्या बाकावर जाऊन बसला. वकिलांनी मला पुढे व्हायची खूण केली ती याच वेळी. मी त्या भक्कम कठड्यात शिरलो, साहेबांनी पुढच्या आरोपीचे कागद उघडलेले होते, आणि बाकीचं मी सांगितलंच आहे. ज्याने माझी बाही ओढली तो गोपाळ होता. पुढचा आरोपी तोच होता. एका हाताला बँडेज, दुसरा हात शिपायाने धरलेला, आणि त्यातूनही त्याने मला खाली उतरवून घेतलं.

“मोहना, खाली उतर. ही जागा माझी,” तो हळूच म्हणाला. आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाला, “बरा झाला तू उतारो घेवन इलंस. मी बायलेक सांगलंय, मोहन येतलो.”

सगळे अजून माझ्या बिस्किटावर हसत होते. मीही हसलो.

साहेब चांगला माणूस होता, हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्यांनी गोपाळच्या बँडेजकडे बघून तोच प्रश्न पुन्हा एकदा नीट विचारला. गोपाळ म्हणाला, “नाही साहेब, तक्रार नाही.” सरकारकडून मिळालेला एक तरुण वकील दोन वाक्यं बोलला. साहेबांनी लगेच जामीन मंजूर केला. उदयला जी रक्कम, तीच गोपाळला. उदयला ज्या अटी, त्याच गोपाळला. टायपिंग करणाऱ्या बाईंना ते म्हणाले, “वरीलप्रमाणेच.” बाईंना फक्त नाव बदलायचं होतं. यापेक्षा सारखा न्याय कोणी कोणाला द्यायचा? मग त्यांनी मला बोलावून, या वेळी हलणाऱ्या कठड्यात, विचारलं की जमीन तुमचीच का, आरोपीला ओळखता का, दुसऱ्या कोणाला जामीन आहात का. मी सगळ्याची उत्तरं दिली. कारकुनाने माझ्या उताऱ्याच्या पाठीवर शिक्का मारला. आमच्या कोर्टाचा रिवाज होता, एका उताऱ्यावर एक माणूस. माझा उतारा संपला.

साहेबांनी गोपाळला विचारलं, तुझा जामीनदार कोण? गोपाळने माझ्याकडे बोट करायला हात अर्धा उचलला आणि खाली घेतला. त्याला तेवढ्यात सगळं कळलं होतं. मला जीपमध्ये बसल्यावर कळलं. उदय पुढे बसला होता आणि त्याने टेप लावला.

 घरी बाबांनी इंजिन सुरू केलं आणि रात्री नऊपर्यंत चालू ठेवलं, सडायला काही नसताना. आई मात्र बोलली. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, “जेवन इलंस मा सुरमय? मगे हंय कित्याक बसतंस?” आणि ताट उचललं.

दुसऱ्या दिवसापासून वाडी उतारे शोधायला लागली. तो प्रकार आठवला की आजही मला हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. गोपाळच्या स्वतःच्या उताऱ्यावर एक्कावन्न नावं, आणि त्याच्या वाट्याला येणारी जमीन हिशेबाने एका माडाच्या आळ्याएवढी. सुताराच्या उताऱ्यावर त्याच्या पणजोबाचं नाव अजून जिवंत. भजनी मंडळाच्या बुवांनी मोठ्या रुबाबात आपला उतारा आणला तो उलगडता उलगडता जमिनीवर लोळायला लागला. तहसीलमधला कारकून म्हणाला की सामाईक जमिनीवर ऐपतीचा दाखला हवा तर सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा. बुवा म्हणाले, आणतो, पण त्यातल्या अर्ध्यांना आणायला मला स्वर्गात जावं लागेल आणि तिथून परतीची गाडी नाही. अख्ख्या वाडीकडे मिळून डोंगरभर जमीन होती. माड, पोफळी, काजू, शेतं. पण एका माणसाला घरी आणता येईल एवढी जमीन एकट्याच्या नावावर कोणाचीच नव्हती. माझी होती, तिच्यावर शिक्का होता.

मी शेठकडे गेलो. पायी गेलो, या वेळी जीप आली नाही. त्यांनी मला बसवलं, बशीभर खारे काजू पुढे ठेवले. मी म्हटलं, तुमचे कागद आता मिळाले असतील, तर उदयला दुसरा जामीनदार द्या, माझा उतारा मोकळा करा. ते म्हणाले, “बघू, वकिलांशी बोलतो.” चार दिवसांनी पुन्हा गेलो. पुन्हा काजू, पुन्हा वकील. तिसऱ्या वेळी त्यांच्या मुनिमाने मला बाहेर गाठून समजावलं की मोहनराव, तुम्ही साधे आहात. गोपाळने गुन्हा कबूल केला की इकडचा खटला आपोआप हलका होतो. शेठना घाई कशाला असेल? त्याने हे दुष्टपणाने सांगितलं नाही. त्याला माझी कीव आली होती. मग मी एकटाच कोर्टात गेलो आणि माझा जामीन काढून घ्यायचा अर्ज दिला. आतापर्यंतच्या आयुष्यात मी स्वतःच्या अकलेने केलेलं ते पहिलं काम. कारकून म्हणाला, अर्ज बरोबर आहे, पण दुसऱ्या बाजूला नोटीस काढावी लागेल, मग तारीख. तारीख पडली ती गोपाळच्या चढण्याच्या परीक्षेनंतर आठ दिवसांची.

परीक्षा सोमवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी सबजेलला गेलो. आईने पेजेचा डबा दिला होता, तो आत घेतला नाही, म्हणून तो हातात धरूनच मी गजांपाशी उभा राहिलो. गोपाळ बारीक झाला होता. छातीवरचे घट्टे मऊ पडून त्यांच्या साली निघत होत्या. वीस दिवस तो माडावर चढला नव्हता, दहा वर्षांत पहिल्यांदाच. मी तारखेचं सांगितलं. त्याने बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाला, “कबूल केलंय तर उद्याच सोडतत. वकील म्हणता, बसलंय तेवढीच शिक्षा.”

“पण तू कोयतो काढूकच नाय.”

“ता तुका म्हायत, माका म्हायत. सोमवारी माडार चढूचा हा, मोहना. माड काय हंय येवचो नाय.”

मी त्याची माफी मागायला आलो होतो. शब्द जुळवून आणले होते, छापील मराठीत. त्यातलं पहिलं वाक्य सुरू केलं तसा तो म्हणाला, डब्यात काय आहे? मी म्हटलं, पेज आणि बांगडा. तो म्हणाला, झाकण काढ. मी काढलं. त्याने गजांना नाक लावून वास घेतला आणि म्हणाला, “आता लाव.”

शुक्रवारी मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो. साहेबांनी त्याला दोनदा सांगितलं की विचार करून बोल, तुझ्यावर कोणाचा दबाव आहे का, वेळ हवा तर देतो. वेळ त्यांच्याकडे भरपूर होता. गोपाळ भक्कम कठडा धरून म्हणाला, “कबूल आहे, साहेब.” एकवीस दिवस भोगले तेवढीच शिक्षा झाली. संध्याकाळी तो घरी होता.

सोमवारी सरकारी बागेत अकरा जण चढले. गोपाळ तिसरा माड उतरत होता तेव्हा बाकीचे दुसऱ्यावर होते. चढण्यापूर्वी त्याने तिथेही खोडावर तीन टोले दिले आणि हाळी घातली. बागेचे साहेब त्यावर खूश झाले, म्हणाले, हा माणूस शिस्तीचा आहे. यादीत पहिलं नाव त्याचं लागलं. मग पत्र आलं की पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला आणून रुजू व्हावं. ठाण्यात नोंदीत जे होतं ते त्यांनी लिहून दिलं, त्यांनी खोटं तरी का लिहावं? जागा दुसऱ्या नंबरच्या माणसाला मिळाली. पुढे उदयचा खटला उभा राहिला तेव्हा गोपाळची शिक्षा दाखवून वकिलांनी तो लगेच सोडवला. साक्षीला ठरलेल्या चार बायका पेज शिजवून, नवी लुगडी नेसून कोर्टात गेल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलंच नाही. त्या समुद्र बघून परत आल्या.

उदय मला चार-पाच वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याला एका लग्नात भेटला. चांगला आहे, टक्कल पडलंय, दात बसवलेला आहे. मी जुनी ओळख दिली तर त्याला जीप आठवली, मी आठवलो, माझं बिस्किट आठवलं. खटला कोणाशी होता ते त्याला आठवेना. त्याने खूप वेळ प्रयत्न केला.

गोपाळने माड सोडले नाहीत. गुडघ्यांनी त्याच्या बायकोच्या हिशेबापेक्षा तीन वर्षं जास्त साथ दिली. आता तो चढत नाही, खाली बसून माडाच्या झावळ्यांची चुडतं विणतो, केरसुण्या करतो. आमच्याकडे त्याचं येणं कधी चुकलं नाही. आई होती तोवर ती त्याला आधी वाढायची आणि मला नंतर. मी अजूनही कधी ती छापील मराठीतली माफी मागितलेली नाही. तारखा पडत गेल्या, असं म्हणू.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीकडची मंडळी आली होती. जेवणं झाली, पडवीत सगळे बसले, गोपाळही नारळ सोलायला आलेला, तो खांबाला टेकून बसला होता. जावई म्हणाले, बाबा, पिंजरा सांगा. मी रंगवून सांगितलं. टेरिकॉटची पँट, भक्कम कठडा, खुर्ची, चहा, बिस्किट. मंडळी हसून हसून लोळली. गोपाळही हसला, दात नसलेलं तोंड उघडून. मग आपला नारळ उचलून, कोयता आकडीत अडकवून, हळूहळू पायऱ्या उतरून गेला.

पाहुणे गेल्यावर बायको पडवीतल्या चटया गुंडाळत होती. मी सहज विचारलं, आज गोष्ट कशी काय रंगली? तिने चटई भिंतीला उभी केली आणि म्हणाली, “तुमी थंय दोन मिन्टां उभे रवलास, ती तीस वर्षां सांगतास. गोपाळभावजी एकवीस दीस होते. तेंका कोणी कधी इचारल्यान, सांगा म्हणान?”